हलवू नये

४ जून

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

डबा काल दुपारी पोचला. आत निघालं ते असं: औषधाच्या बाटल्या चार, अंगठ्याएवढ्या. सुया दहा. थंड पिशव्या सहा, त्यातली एक फुटलेली. आणि तुझं पत्र, कडेने ओलं. आणणाऱ्याने जिना चढण्याचे वीस मागितले. पावती मागितली तर हसला. वहीत 'बिनपावती' असं लिहून ठेवलं. बाकीचा खर्च तू सांगणार नाहीस आणि मी विचारणार नाही.

पहिलं इंजेक्शन दवाखान्यातल्या सिस्टरने देऊन दाखवलं. पुढच्या आठवड्यापासून मी द्यायचं. सिस्टर नवी आहे, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. खारूने नऊ वर्षांची असताना कपाटावरून उडी मारली आणि घोटा मोडला, तेव्हापासून आठ वर्षांत पाच प्लास्टर झाली, आणि हाडं घट्ट करणारं एक प्रथिन पोरीच्या अंगात तयारच होत नाही हे कळायला त्यातली सहा वर्षं गेली. सिस्टर म्हणाली, तरी नाव खारू? म्हटलं, नाव मामाने ठेवलंय, ती झाडावर चढत होती तेव्हा.

खारूने सुई बघून तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "आई, तू शिवणाच्या सुईत दोरा ओवताना चारदा चुकतेस." मी म्हटलं, इथे दोरा नाही.

मला दोन गोष्टी लिही. एक, याची गोळी का करत नाहीत? दुसरी, बाटल्या सांभाळायच्या कशा? फोनवर मी विचारायचं तेच विसरते, आणि तुझ्या औषध-कंपनीच्या शीतगृहात फोन लागतही नाही. म्हणून रिकामा डबा आणि पिशव्या परत पाठवताना आत पत्र घालत जाईन. तूही तसंच कर.

हे बरे आहेत. देवाने तुला योग्य ठिकाणी नोकरी दिली असं रोज म्हणते.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस सा. नमस्कार.

फुटलेल्या पिशवीबद्दल माफी. ती भरणारा मीच.

गोळीचं असं आहे. पोटाला औषध आणि जेवण यांतला फरक कळत नाही. प्रथिन दिसलं की अंडं समजून पचवून टाकतं. शंभर गोळ्या दिल्या तरी खारूच्या हाडापर्यंत कण पोचायचा नाही. म्हणून पोटाला चुकवून कातडीखाली टोचायचं. आमच्या वरच्या मजल्यावर पंधरा शास्त्रज्ञ या एका पोटाशी भांडत बसलेत. मी खालचा माणूस, माझं भांडण फक्त शीतगृहाच्या दाराशी, ते नीट लागत नाही.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेव. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, बाटली अजिबात हलवायची नाही. आमच्याकडे हलवलेला माल साहेब सरळ फेकून देतात, मग तो कितीही किमती असो. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढ, म्हणजे पोरीला गार लागणार नाही.

दुसरं, हे वर्षभर फुकट मिळतंय ते माझ्या अर्जावर साहेबांनी सही केली म्हणून. दर महिन्याला खारूच्या रक्ताचा रिपोर्ट इकडे आला पाहिजे. त्यातला त्या प्रथिनाचा आकडा चढता राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. उतरला तर मला बोलायला तोंड राहणार नाही.

खारूला सांग, मामा म्हणतो सुईकडे बघायचं नाही, आईकडे बघायचं. ती जास्त भेदरलेली असेल.

भाऊ

३ ऑगस्ट

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तिसरा डबा पोचला, सगळं शाबूत. रिपोर्ट सोबत आहे. डॉक्टरीणबाईंनी आकड्याभोवती लाल गोल केलाय, आनंदाचा.

परवा खारू आपल्या आपण खाली उतरली आणि वर आली. अठरा पायऱ्या. वर आल्यावर म्हणाली, "पेपर आणायचा विसरले," आणि पुन्हा गेली. मी दारात उभी राहून देवाचं नाव घेत होते. ती खालून म्हणते, "आई, देवाला जरा बसू दे." मला हसू आलं आणि मग आत जाऊन पदराने डोळे पुसले. यांनी विचारलं काय झालं, म्हटलं कांदा.

औषध तू सांगितल्याप्रमाणे अजिबात हलवत नाही. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, 'कोणीही हलवू नये'. यांनी दुधाचं पातेलं ठेवायला हात आत घातला तर मी असा काही आवाज काढला की पातेलं खाली आणि दूध घरभर.

मध्ये फ्रिज नुसताच घरघरत होता. दुरुस्तीवाल्याने गॅस भरून दिला. आता पाणी दातांना लागतं इतकं थंड होतं. म्हटलं, औषधाला बरंच.

मॅट्रिकला विज्ञानात मला जेमतेम मार्क होते. आता सिस्टर म्हणते, तुमचा हात आमच्यापेक्षा हलका. हे तुला मुद्दाम लिहिते, कारण तू त्या वेळी फार हसला होतास.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. नमस्कार.

हे पत्र लिहायचं मी आठ दिवस टाळलं.

सप्टेंबरचा आकडा खाली आला. ऑक्टोबरचा त्याच्याही खाली. काल साहेबांनी बोलावून विचारलं, हाच माल बाकी पेशंटांना लागू पडतो, तुमच्याच भाचीला काय झालं? मी म्हटलं, चौकशी करतो. तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांत 'सगळं ठीक' एवढंच आहे.

ताई, रागावू नकोस. तू साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारी. आई असताना तू खोकल्याचं औषध अर्ध्या चमच्याने पुरवलेलं मला आठवतं. पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल म्हणून तू अर्धी बाटली मागे तर ठेवत नाहीस ना? किंवा एखादा आठवडा गाळून शिल्लक टाकत असशील. तसं असेल तर मला सांग, मी काहीतरी निभावून नेईन. पण आता पुरी मात्रा दे.

दाजींना नमस्कार.

भाऊ

१७ नोव्हेंबर

भाऊ,

आशीर्वाद आहेतच. ते मी कधी मागे ठेवले नाहीत.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस पेन हातात धरवलं नाही. साबण मी चिकटवते, खरं आहे. काडेपेटीतल्या काड्या मोजते, ते लिहायचं तुझं राहिलं. पण पोरीच्या औषधातला थेंब मी मागे टाकीन असं तुला वाटलं, आणि ते तू आठ दिवस मनात धरून बसलास.

तर ऐक, मी काय करते ते. आठवड्याचा वार एकदाही चुकला नाही. बाटल्या पहिल्या दिवशी जिथे ठेवल्या तिथेच ठेवते, फ्रिजच्या अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवून, जिथे थंडी सगळ्यात जास्त. ऑगस्टपासून तिथे बर्फ धरतो. बाटल्या त्यात रुतून बसतात. पण तू हलवायचं नाही म्हणालास म्हणून मी जागा तसूभर बदलली नाही, बर्फ खरवडला नाही. ज्या दिवशी टोचायचं त्या दिवशीच तेवढी एक ओढून काढते. ती दगडासारखी असते. अर्ध्या तासात पुरती वितळत नाही, म्हणून मुठीत धरून देवाचं नाव घेत बसते. पाणी झालं की सुईत भरते. त्यात हल्ली पांढरे धागे दिसतात, पूर्वी नव्हते. मी समजले, माल जोरदार आला.

वापरलेली एकही बाटली फेकलेली नाही. तेवीस रिकाम्या, एक भरलेली. येऊन मोजून जा.

एक गोष्ट मात्र लपवली, तीही आता सांगते. खारू महिनाभर जिना उतरलेली नाही. पिंढऱ्या दुखतात म्हणते. तुझी साहेबांपुढे मान खाली जाईल म्हणून मी 'सगळं ठीक' लिहीत होते. खारूनेच सांगितलं, मामाला लिहू नकोस.

ताई

२२ नोव्हेंबर

ती. ताईस,

जी एक बाटली उरली आहे ती टोचू नकोस. हे आधी वाच, बाकीचं मग.

मी 'हलवायची नाही' लिहिलं ते खळखळवायची नाही या अर्थाने. खोकल्याच्या औषधाची बाटली आपण घेण्याआधी हलवतो ना, तसं करायचं नाही. जागेवरून हलवायची नाही असं माझ्या मनातही नव्हतं. दिवसातून दहादा जागा बदलली असतीस तरी चाललं असतं.

अंड्याचा पांढरा बलक घुसळला की फेस होतो, तापवला की घट्ट होतो. पुन्हा काही केल्या पहिल्यासारखा होत नाही. हे औषध तसंच नाजूक. खळखळलं तरी जातं, आणि गोठलं तरी जातं. गोठून वितळलेलं पाण्यासारखं दिसतं, पण ते औषध राहिलेलं नसतं. तू ज्याला जोर समजलीस ते धागे म्हणजे विस्कटून गेलेलं औषध. मी शीतगृहात काम करतो, 'गोठू देऊ नकोस' हे पहिलं वाक्य असायला हवं होतं. आमच्याकडे ते दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय. रोज वाचून मला ते दिसेनासं झालं असावं.

तुझं ऑगस्टचं पत्र पुन्हा काढलं. 'अजिबात हलवत नाही' हे वाचून तेव्हा मी शेजारच्याला म्हणालो होतो, माझी बहीण आमच्या साहेबांपेक्षा शिस्तीची आहे.

साबणाचं लिहिलं ते परत घेता येत नाही.

हा डबा एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवतोय. बाटल्या मधल्या फळीवर ठेव. मागे टेकवू नकोस, दारातही नको. ताजं औषध आहे, दोन महिन्यांत आकडा पुन्हा चढेल. खारूला सांग, पायऱ्या कुठे पळून जात नाहीत.

भाऊ

६ जानेवारी

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा माणूस चांगला होता. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला. तेव्हापासून दोन डबे तू सांगितलेस तसे मधल्या फळीवर ठेवले, शेजारी थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिला. सहा इंजेक्शनं झाली. औषध अगदी स्वच्छ, धागा नाही.

आकडा चढला नाही. टोचते तिथे पुरीएवढा लाल डाग उठतो आणि दोन दिवस ठणकतो.

डॉक्टरीणबाईंनी निराळं रक्त घेऊन कुठेतरी पाठवलं होतं. काल त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. मी समजले तसं लिहिते. गोठून विस्कटलेलं औषध तीन महिने अंगात जात राहिलं, ते शरीराने परकं म्हणून ओळखलं. आता चांगलं औषध गेलं तरी त्यालाही तेच समजतं. दारावरच्या रखवालदाराने चोराचा चेहरा पाठ केला की त्या तोंडावळ्याच्या पाहुण्यालाही आत सोडत नाही, तसं. मी विचारलं, त्याला समजावता येत नाही का? त्या म्हणाल्या, "रक्ताशी बोलता येत नाही, बाई."

म्हणजे औषध आहे, चांगलं आहे, घरात आहे, आणि मी ते तिला देऊ शकत नाही. रोज फ्रिज उघडते, थर्मामीटर बघते, आकडा लिहिते, बंद करते. हे म्हणाले, आता कशाला लिहितेस? मी म्हटलं, मग काय करू ते सांगा.

खारूला मी सांगितलं, चूक माझी. तुझं जूनचं आणि शेवटचं अशी पत्रंही वाचायला दिली. तिने दोन्ही वाचली आणि म्हणाली, "मामाला भाषेच्या पेपरात किती होते?" मग रात्री जेवली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाला वेष्टण घालून अंगात पोचवायचे प्रयोग चालले आहेत, म्हणजे ते ओळखू येत नाही. तुमच्याच वरच्या मजल्यावर ना? एकदा जाऊन विचार.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. नोकरीला अकरा वर्षं झाली, तो मजला पहिल्यांदा बघितला. तिथल्या मुख्य बाईंनी स्टूल दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. चरबीचे सूक्ष्म बुडबुडे करायचे, डोळ्याला न दिसणारे, आणि औषध त्यांच्या आत बसवायचं. रखवालदाराला वरचा बुडबुडा दिसतो, आतला चेहरा दिसत नाही. हाडाजवळ गेला की बुडबुडा फुटतो. त्यांनी मला एका काचेत दाखवलंही. धुकट पाण्यासारखं होतं.

सध्या उंदरांना देतात. मी विचारलं, माणसांना कधी? त्यांनी वर्षं सांगितली नाहीत. म्हणाल्या, "भाची किती वर्षांची?" मी म्हटलं, सतरा. "मग तिच्या हयातीत होईल." चांगल्या मनानेच म्हणाल्या. मी जिन्याने खाली आलो.

डबे बंद झाले, ताई. आकडा चढत नसेल तर माल द्यायचा नाही असा नियम आहे. सूचना मी चुकीची दिली, बहिणीची काही चूक नाही, असं मी साहेबांना लिहून दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. या सोमवारपासून मी गेटवर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. सगळे म्हणतात, बरं झालं, थंडीतून सुटलास.

रिकामा डबा परत पाठवू नकोस. इथे तो घ्यायला मी नाही.

खारूला काय लिहावं ते सुचत नाही.

भाऊ

४ मार्च

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

डबा बंद म्हणून हे साध्या टपालाने. याआधीची दोन पत्रं तुला पोचली असतील, उत्तर नाही. गेटवरच्या फोनवर यांनी केला तर कोणीतरी 'ते राउंडला गेलेत' म्हणाला. यांना तो आवाज तुझाच वाटला. मी म्हटलं, असेल.

बारा फेब्रुवारीला खारूचं मांडीचं हाड मोडलं. पडली नाही, आपटली नाही. पलंगावर कूस बदलत होती. मी ओट्यापाशी होते, मला वाटलं बाहेर कोणी वाळकी काडी मोडली. मग तिने हाक मारली, तीही हळूच, मी घाबरू नये म्हणून. आता कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आहे. कुठलीही हालचाल करायची तर आम्ही दोघं लागतो, आणि उचलताना आपण हिला मोडत तर नाही ना असं सारखं वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी एक मार्ग सांगितला. दुसरी औषधं देऊन शरीराच्या रखवालदारालाच काही महिने झोपवायचं, आणि तो झोपेत असताना आपलं औषध थोडं थोडं द्यायला लागायचं, म्हणजे जागा होईल तेव्हा त्याला ते घरातलंच वाटेल. पण तो झोपला म्हणजे सगळ्याच चोरांना दार उघडं. साधी सर्दी छातीत उतरली तरी पोर हातची जाऊ शकते. बरं, इतकं करून लागू पडेलच असंही नाही. निम्म्याच जणांना पडतं. मी विचारलं, तुमची मुलगी असती तर? त्या म्हणाल्या, "मला विचारू नका, मला झोप येणार नाही."

हे म्हणाले, तू ठरव, तुला यातलं जास्त कळतं. मला काय कळतं ते सगळ्यांनी पाहिलंय. देवापुढे बसले. देव बोलत नाही हे मला माहीत आहे, इतकी वर्षं मी बोलायची आणि त्याने ऐकायचं असंच चाललंय. या वेळी मी गप्प बसून कान देऊन ऐकलं. खालच्या नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कागद मिळाले." कसले कागद? खारूला सव्वीस तारखेला अठरा पूर्ण झाली. तिने सिस्टरकरवी त्या उपचाराच्या संमतीचे कागद मागवून घेतले आणि सत्तावीसला झोपल्या झोपल्या सही करून दिली. मला विचारलं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, अगं, निदान सांगायचं तरी. ती म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू हो किंवा नाही म्हणाली असतीस, आणि मग काही झालं असतं तर ते आयुष्यभर वहीत लिहून ठेवलं असतंस." मी तिची उशी नीट केली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तर आता ठरलंय. रखवालदाराला झोपवायची औषधं सोमवारपासून सुरू. पंचवीस तारखेपासून आपलं औषध हवं, आठवड्याला एक, निदान सहा महिने. ते नसलं तर हे सगळं झोपवणं फुकट, आणि नुसता धोकाच पदरात. डॉक्टरीणबाईंनी तुमच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं की अशा पेशंटला माल द्यायचा तर आमच्या नोकरीतल्या माणसामार्फतच अर्ज यावा, आणि त्यावर साहेबांची सही लागेल. बाहेरचा अर्ज घेत नाहीत.

तू गेटवर असलास तरी नोकरीत आहेस. अर्ज डॉक्टरीणबाईंच्या हातचा सोबत जोडला आहे, खारूच्या सहीची प्रतही. तुझी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. ज्या साहेबांना तू ते लिहून दिलंस त्यांच्याच टेबलावर हा ठेवायचा आहे, हे मला कळतं. ते काय म्हणतील तेही मला कळतं. तुला लाज वाटते म्हणून तू लिहीत नाहीस. मलाही वाटते, पण मला तिला दिवसातून चारदा उचलावं लागतं, तेव्हा ती बाजूला ठेवावी लागते.

आणि तुझ्याच्याने आत जाववणार नसेल तर तसं सरळ लिही. मी तुला काही बोलणार नाही. मी येऊन गेटवर उभी राहीन, तू माझ्या येण्याची वेळ तुझ्या रजिस्टरात लिही, आणि मला फक्त त्यांची खोली दाखव. पण तिकीट आधी काढावं लागेल आणि खारूजवळ कोणाला तरी बसवावं लागेल, म्हणून मला वीस तारखेच्या आत कळलं पाहिजे. अर्ज तू देतोस की मी येऊ, एवढंच परतीच्या टपालाने कळव.

तुझी ताई